पाहून राह्यलो

कारंज्यात रिव्ह्यूभाऊंना ‘टॅब घेतला का?’ असं विचारणं म्हणजे ‘नळ आले का?’ विचारण्यासारखं आहे. उत्तर ठरलेलं. ‘पाहून राह्यलो ना भाऊ.’ आवाजात घाई नाही, खंत तर नाहीच. उलट मोठ्या कामात गुंतलेल्या माणसाचं समाधान असतं. काम एवढंच की मुलीसाठी स्वस्त, टिकाऊ आणि डोळ्यांना न बाधणारा एक टॅब घ्यायचा. काम मनावर घेतलं तेव्हा मुलगी पाळण्यात होती. आता ती तिसरीत आहे.

हे कारंजा घाडग्यांचं, वर्धा जिल्ह्यातलं. लाडांचं कारंजा वेगळं, ते वाशीम जिल्ह्यात. हा खुलासा इथल्या माणसाला जन्मभर करावा लागतो, आणि पुढे तो लागणारही आहे. नागपूर-अमरावती हमरस्ता गावाला लागून जातो. त्यावरून रात्रंदिवस ट्रका धावतात आणि कुठे ना कुठे पोचतात. भाऊ त्या रस्त्याकडे तोंड करून, मोबाइल नाकाशी धरून बसलेले असतात. त्यांचं खरं नाव आता फक्त सातबाऱ्यावर उरलं आहे. चार एकर संत्रा आहे. फवारणीपंप, फ्रीज, बोअरची मोटर, जावई, गावात कोणालाही काहीही घ्यायचं असलं की आधी भाऊंना विचारतात. भाऊ सांगतात ते घेतात आणि सुखी होतात. फक्त भाऊंनी स्वतः अजून काही घेतलेलं कोणी पाहिलं नाही.

या स्वभावाची मुळं जुनी आहेत. 5 ऑक्टोबर 2011 रोजी दिल्लीत केंद्रीय मंत्री कपिल सिब्बल यांनी ‘आकाश’ टॅब जाहीर केला, तेव्हा भाऊ नागपुरात कॉलेजात होते. डेटाविंड कंपनीचा तो सात इंची टॅब सरकारला सुमारे 2,250 रुपयांना पडत होता आणि जगातला सर्वांत स्वस्त टॅब म्हणून त्याचा डंका वाजत होता. मेसमधली पोरं हरखली. भाऊंनी मात्र शोधून काढलं, की याचा पडदा बोट टेकवून चालत नाही, दाबावा लागतो, नखानं टोचावा लागतो. रॅम 256 एमबी. ‘पुढचा येऊ द्या,’ भाऊ म्हणाले. 11 नोव्हेंबर 2012 रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते आकाश-2 आला. याचा पडदा बोटानं चालत होता, वेगही बरा होता. भाऊ म्हणाले, ‘आता याच्या पुढचा येऊ द्या.’ पुढे ती योजनाच विरून गेली आणि भाऊ खरे ठरले. काही न घेता, एक रुपया न घालवता माणूस खरा ठरू शकतो, ही चव त्यांना तेव्हा लागली. ती काही सुटली नाही.

याचा अर्थ, मुली पाहायला निघण्याच्या आधीपासून हा माणूस टॅब पाहतो आहे. लग्न वेळेवर झालं याचं श्रेय सासऱ्यांचं. त्यांनी सुपारी फुटली त्याच दिवशी मंगल कार्यालयाचा विसार देऊन टाकला.

मुलगी झाली आणि शोधाला कारण मिळालं. पण एप्रिल 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या: दोन वर्षांच्या आत पडदा नकोच, त्यापुढे दिवसाला फार तर एक तास, त्याहून कमी तर उत्तम. मुलगी तेव्हा दोन वर्षांची व्हायची होती. भाऊंनी सुटकेचा श्वास सोडला. ‘अजून नियमात बसत नाही.’ ती नियमात बसली आणि 2020 चा लॉकडाऊन लागला. शाळा बंद, शिक्षण सुरू. सगळं गाव मोबाइलच्या दुकानाकडे धावलं. भाऊ दोनशे पानी वही घेऊन हिशेबाला बसले. टॅब 12 हजारांचा. रोज एक तास, दोन वर्षं, म्हणजे 730 तास. तासाला साडेसोळा रुपये पडतात. ‘एवढ्यात तर मास्तर घरी येऊन शिकवतीन!’ ते वहिनींना म्हणाले. शेजारचे निवृत्त गुरुजी वाटेवरून हे ऐकत होते. त्यांनी 1937 सालच्या वर्ध्याच्या शिक्षण परिषदेचा विषय काढला. गांधीजींनी मुलांच्या हाताला काम द्या म्हणून सांगितलं, नई तालीम आपल्याच जिल्ह्यात उभी राहिली, आणि तुम्ही काचेवर बोटं फिरवायला शिकवता? भाऊंना हे पटलं. आणखी वर्षभर पुरेल इतकं पटलं.

एकदा मी त्यांच्यासोबत एका दुकानात गेलो होतो. काउंटरवर कार्टूनचा डबा, आत रबरी काठाचा टॅब, किंमत साडेतीन हजार, डब्यावर ‘128 जीबी’. दुकानदारानं तो मोठ्या हौसेनं पुढे सरकवला. भाऊंनी शर्टाच्या खिशातून पेनड्राइव्ह काढला. बटणाएवढी जोडपिन लावून त्यांनी संत्र्याच्या फवारणीचे लांबलचक व्हिडिओ टॅबमध्ये ओतायला सुरुवात केली. एक, दोन, पाच, दहा. सगळे गेले. यादीत नावं दिसू लागली. दुकानदार हसला. मग भाऊंनी शेवटचा व्हिडिओ उघडला. उघडेना. त्याच्या आधीचा, तोही उघडेना. जेमतेम सुरुवातीचे काही चालले. ‘पाहा,’ भाऊ शांतपणे म्हणाले, ‘कोठी आठ जीबीची, पाटी 128 ची. वरचं सारं नुसतं नावाले.’ सेटिंगमध्ये अँड्रॉइड 13 लिहिलं होतं. भाऊंच्या तपासणीच्या ॲपनं 8 दाखवलं. तोवर दुकानात इतर गिऱ्हाइकं जमली होती आणि भाऊ त्यांना सांगत होते, की 2023 मध्ये अमेरिकेत मुलांसाठी विकल्या जाणाऱ्या अशाच एका स्वस्त टॅबमध्ये नवाकोरा असतानाच व्हायरसच्या खुणा सापडल्या होत्या. दुकानदारानं हात जोडले. ‘भाऊ, चहा घ्या अन् घरी जा जी.’ चहा घेतला. तो डबा मात्र पुढच्या वेळी काउंटरवर दिसला नाही, एवढं मी पाहिलं आहे.

भाऊंचं ज्ञान पोकळ नाही, हीच तर पंचाईत आहे. संत्र्याच्या एका व्यापाऱ्यानं सिमवाला घेऊ की नुसता वायफायवाला, असं विचारलं. दोन-अडीच हजारांचा फरक होता. भाऊंनी विचारलं, ‘तुमच्या घरी वायफाय हाये?’ नाही, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतं. ‘मंग नुसता वायफायवालाच घ्या. तुमी बगीचा पाहाले निंघाले का हॉटस्पॉट तुमच्यासंगं जाते. पोट्ट्याचं यूट्यूब आपोआप बंद. भांडाभांडी नाही.’ यापेक्षा नेमका सल्ला मी तरी कुठल्या मासिकात वाचलेला नाही. पडदा कितीही सुरेख असला तरी मुलाच्या हातात रॅम चार जीबीहून कमी नको, नाहीतर टॅब अडतो आणि मूल जमिनीवर लोळतं. मेमरी कार्डाची जागा हवी. कंपनी पुढची काही वर्षं सुरक्षेचे अपडेट देणार का, हे किमतीच्या आधी पाहावं. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, ती उतरवून द्यावी. त्यासाठी कुठल्या महागड्या ॲपची वर्गणी भरायची गरज नाही. हे सगळं भाऊ सांगतात, फुकट सांगतात, आणि वर घरी येऊन फॅमिली लिंक लावून देतात. ठरलेली वेळ संपली की टॅबला कुलूप. त्यामुळे गावातली मोठी माणसं त्यांना चहा पाजतात आणि लहान मुलं त्यांना पाहून रस्ता बदलतात.

‘लहान पोराचा टॅब म्हंजे कसं हाये,’ त्यांचं तत्त्वज्ञान असं, ‘तो पडनच. पडला का फुटन. फुटला का नागपूरले न्या. म्हणून आधी कव्हर, मंग सर्व्हिस सेंटर, मंग टॅब.’

या तत्त्वाला धरून त्यांनी आयुष्यातली पहिली खरेदी केली: कव्हर. आठ इंची, हिरवं, जाड फोमचं, मागे धरायला मूठ. सेलमध्ये स्वस्त होतं. पत्त्यात पिनकोड 442203 स्वच्छ लिहिला होता, तरी कुरियरवाल्यानं ‘कारंजा’ एवढंच वाचलं आणि पार्सल लाडांच्या कारंज्याला पाठवलं. ते नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान. तिथे आठवडाभर मुक्काम करून पार्सल आमच्याकडे आलं, तेव्हा वहिनींनी ते आधी देवाजवळ ठेवलं. देवाजवळून मुलीनं काढलं आणि त्यात आपली पाटी बसवून पाहिली. बसली. त्या दिवसापासून ती पाटी मूठ धरून फिरवते. एकदा ओट्यावरून पाटी खाली पडली, फुटली नाही. भाऊंनी वहीत नोंद केली: ‘कव्हर उत्तम.’

पण आता टॅब कव्हरच्या मापाचा शोधणं आलं, आणि बाजार तोवर दहा-अकरा इंचांकडे सरकला होता. भाऊंना त्याचंही वाईट वाटलं नाही. शोधाला नवी दिशा मिळाली. त्यातच पैशाचं गणित संत्र्याला बांधलेलं. आंबिया बहाराचे पैसे आले की घेऊ. आंबियाला फळगळ लागली, तर मृगाचे आले की घेऊ. मृग चांगला आला, तर दिवाळीच्या सेलला काय फार दिवस आहेत? सेल लागला की ते टॅब कार्टमध्ये टाकतात. रात्री बारा वाजता किंमत पाहतात. पहाटे पुन्हा पाहतात. तेराशे रुपयांनी उतरली तर म्हणतात, आणखी उतरेल. चढली तर म्हणतात, फसवून राह्यले.

22 सप्टेंबर 2025 ला जीएसटीचे नवे दर लागू झाले, तो दिवस त्यांनी आधीच ठरवून ठेवला होता. मोठ्या टीव्हीवरचा कर 28 टक्क्यांवरून 18 वर आला. साळ्यानं त्याच आठवड्यात टीव्ही आणला. टॅब 18 टक्क्यांतच होता, तो 18 वरच राहिला. वह्या, पेन्सिली आणि खोडरबरावरचा कर मात्र शून्य झाला. ‘सरकार इशारा देऊन राह्यलं,’ भाऊ म्हणाले, आणि मुलीसाठी डझनभर वह्या घेऊन आले. त्यातली एक स्वतःसाठी ठेवून घेतली. जुनी भरली होती.

या सगळ्यात मुलीचं काही अडलं आहे असं समजू नका. भाऊ लोकांचे टॅब तपासायला जातात तेव्हा तिला सोबत नेतात, कारण लहान बोटानं पडदा कसा चालतो हे मोठ्याला कळत नाही. त्यामुळे गावात आलेला प्रत्येक टॅब पहिल्यांदा तिच्या हातून गेलेला आहे. रंग भरून, पाढे म्हणून, मूठ लावून, आपटून. स्वतःचा टॅब असलेल्या मुलांना एकच टॅब माहीत असतो. परवा एक मास्तर वहीवर बोट ठेवून भाऊंना काही विचारत होते, तर ही मधूनच म्हणाली, ‘काका, तो नका घेऊ. आवाज एकाच बाजूनं येते.’ मास्तरांनी तो नाही घेतला.

मागच्या महिन्यात भाऊ स्वतःहून माझ्याकडे आले. चेहऱ्यावर तेज होतं. मला वाटलं, घेतला.

‘निकाल लागला जी,’ ते म्हणाले. नागपूरची महाज्योती संस्था ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना दहावीनंतर जेईई-नीटच्या तयारीसाठी टॅब मोफत देते. वर रोजचा सहा जीबी डेटा. भाऊंनी अर्जाची सगळी कागदपत्रं वहीत उतरवून आणली होती. जातीचा दाखला, नॉन-क्रीमिलेअर, दहावीची गुणपत्रिका, अकरावी सायन्सला प्रवेश घेतल्याची पावती.

‘पण पोरगी तिसरीत आहे,’ मी म्हणालो.

‘हो ना. 2033 ले दहावी. सात वर्षं राह्यले. जिथं इतके थांबलो…’ वहिनी आत भांडी घासत होत्या. एक भांडं जरा जोरात आपटलं. भाऊंनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी वही मिटली, खुर्ची जवळ ओढली आणि आवाज खाली आणला.

‘तुमचं नागपूरले जाणंयेणं असते. एवढं विचारून या जी, तो टॅब आठ इंची असते का म्हणून. म्हंजे कव्हरचं पाहता येईन.’