तारेला वळण लावणारे

घरमालकाला छतावर अँटेना नको होती. म्हणून बॉस्टनच्या नेथन कोहेन यांनी १९८८च्या सुमारास गणितज्ञ मांडेलब्रॉची फ्रॅक्टल भूमिती, म्हणजे भागात पुन्हा त्याच आकाराचे छोटे भाग, तारेत उतरवली आणि फ्रॅक्टल अँटेना जन्माला आली. तेव्हापासून भक्तमंडळींचा समज असा, की तार तब्येतीने दुमडली की जागा कमी लागते आणि कामगिरी वाढते. म्हणजे हुंडा नको, मामा, फक्त चमत्कार द्या!

पण १९४८ सालीच च्यू नावाचे गृहस्थ या चमत्कारावर पाणी ओतून बसले होते. अँटेना ज्या गोलात मावते, तो तरंगलांबीच्या मानाने जितका लहान, तितका तिचा वारंवारितेचा पट्टा अरुंद. आत कॉखचा हिमकण, म्हणजे पुन्हा पुन्हा टोकं काढलेला फ्रॅक्टल, घाला नाहीतर दारातली रांगोळी, गोल ढिम्म हलत नाही. कॉखच्या वक्राची लांबी दर फेरीला एक तृतीयांशाने वाढते, हे खरं. पण शेजारशेजारच्या वळणांतले विद्युतप्रवाह एकमेकांचेच पाय ओढतात. त्यामुळे काही फेऱ्यांनंतर अँटेनाची अनुनाद वारंवारिता उतरायची जवळपास थांबते आणि कारागीर तेवढा दमतो. पुढे अँटेना-संशोधक स्टीव्हन बेस्ट यांनी अशा अँटेना साध्या नागमोडी तारेशेजारी ठेवून तपासल्या. उंची तीच, तरी नागमोडी बाई मागे पडल्या नाहीत. त्यांच्यामागे गणितज्ञाचं आडनाव नव्हतं, एवढाच फरक.

एकाच तुकड्यात अनेक पट्टे बसवायला त्रिकोणात त्रिकोण असलेला सिएरपिन्स्कीचा फ्रॅक्टल त्रिकोण कामी येतो, हे मान्य. मोबाइलच्या पोटात इंचाइंचाची मारामारी असते, तिथे वेडीवाकडी तारही चालते. आणि पैसाही मिळतो: २०११मध्ये टेक्ससच्या ज्यूरीने पेटंटभंगापोटी सॅमसंगकडून बार्सिलोनाच्या फ्रॅक्टस कंपनीला २.३ कोटी डॉलर देववले. च्यूसाहेबांना साक्षीला बोलावलं होतं म्हणे? छे, पेटंटच्या खटल्यात गोल कोण मोजतो!