तार सुटली, सवय सुटेना

व्हेप बंद पडलं. ओढलं तर दिवा लुकलुकतो, वाफ काही येत नाही. टपली मारली की एकदा पेटतं, खिशात घातलं की पुन्हा मेलं. निदान सोपं आहे. आतली तार सुटलीय.

केसाएवढी तार. तिच्यावर हजार-दोन हजारांचा रुबाब टांगलेला.

आत असतं तरी काय? खालचं बूच उपसलं की सगळं गुपित तळहातावर येतं. ३.७ व्होल्टचा लिथियम सेल. माइकच्या गुंडीएवढा सेन्सर. कापसात दडलेली कॉइल. आणि या तिघांना कसंबसं जोडून ठेवणाऱ्या दोन-तीन तारा. झुरका घेतला की सेन्सरला दाब कळतो, तो सेलचा करंट कॉइलकडे सोडतो, कॉइल तापते, कापसातल्या द्रवाची वाफ होते. संपलं तंत्रज्ञान. कॉइल तापवणाऱ्या इस्त्रीला आजवर कुणी एवढं डोक्यावर घेतलं नाही. बिचारीला तोंडात धरता येत नाही ना.

टाका सुटतो कसा? हातातून पडलं, चार्जिंगची पिन हिसडली, द्रव झिरपून जोड चिकट झाला. कारणं पुष्कळ. पण खरं कारण एकच. वस्तू चार दिवसांत फेकायची ठरली असेल, तर टाका चार वर्षांचा कोण मारेल?

स्क्रू एकही नाही, हे पाहिलंत? स्क्रू दिसला की माणूस उघडून बघतो. उघडून बघणारा नवं घेत नाही.

दुरुस्ती म्हणाल तर पाच मिनिटांचं काम. चिकटा पुसायचा, तार सोलायची, टोकाला कथील चढवायचं आणि सेलच्या निकेल पट्टीवर टेकवून सोल्डरचा थेंब सोडायचा. चिकटा पुसताना हातमोजे हवेत, कारण निकोटिन कातडीतूनही आत जातं. म्हणजे दुरुस्त करणाऱ्यालाही एक झुरका फुकट.

आणि घाई केली तर? पट्टी सोडून तापलेलं सोल्डरिंग आयर्न थेट सेलवर दाबलं, किंवा प्लस-मायनस एकमेकांना भिडले, तर सेल फुगतो, फुटतो, पेटतो. तेव्हाही ढग छान निघतो. आंब्याची चव तेवढी नसते.

आंतरराष्ट्रीय नागरी हवाई वाहतूक संघटनेने २०१५ सालीच ही उपकरणं चेक-इन सामानात ठेवायला मनाई केली. का? विमानाच्या पोटात आग लागू नये म्हणून. जी वस्तू विमानाच्या पोटाला चालत नाही, ती आपण पँटच्या खिशात घालून लोकलमध्ये उभे राहतो.

बरं, दुरुस्तीला न्यायचं कुठे? कल्पना करा, पुण्यातली इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची तपकीर गल्ली. कॉलेजातला पोरगा इकडेतिकडे बघत काउंटरवर डबी सरकवतो. ‘काका, पेनड्राइव्ह बिघडलाय.’ काका चष्मा कपाळावरून खाली घेतात, बूच काढतात, हुंगतात. ‘पेनड्राइव्हला आंब्याचा वास कधीपासून यायला लागला रे?’

काकांना सगळं कळतं. म्हणून पैसे आधी घेतात.

पोरगा इकडेतिकडे का बघतो? केंद्र सरकारने १८ सप्टेंबर २०१९ रोजी ई-सिगारेटवर, म्हणजे याच व्हेपवर, बंदीचा वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी कायदाही केला. उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात, सगळं बंद. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. साठा सापडला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि उत्पादनात नुसती जोडणीही आली.

मग सुटलेली तार पुन्हा जोडणारे काका कोण? कारागीर की कारखानदार? वकिलाला विचारा. त्याच्या फीमध्ये दहा व्हेप येतात.

एवढ्या वर्षांच्या बंदीनंतर बाजारात काय फरक पडला? वस्तू काउंटरवरून काउंटरखाली गेली. बिल गेलं, वॉरंटी गेली, तक्रारीची सोय गेली. गिऱ्हाईक तेवढं राहिलं.

शेजारच्या टपरीवर विडीचं बंडल मात्र राजरोस लटकलेलं. त्यात ना सेल, ना सेन्सर, ना तार. त्यामुळे विडी कधी बिघडत नाही. बिघडतं ते ओढणाऱ्याचं.

साहेबाच्या देशात तरी काय दिवे लागलेत? तिथे २०२३ मध्ये ‘मटेरियल फोकस’ या संस्थेने अंदाज काढला, की आठवड्याला सुमारे पन्नास लाख एकवेळची व्हेप कचऱ्यात जातात. प्रत्येकात लिथियम सेल. तोही बहुतेक वेळा शेकडो वेळा चार्ज होऊ शकेल असा. चार्जिंगचं भोक तेवढं कुणी ठेवलेलं नव्हतं.

भोक ठेवलं असतं तर दुसरं कुणी विकत घेतलं असतं?

शेवटी १ जून २०२५ पासून ब्रिटनने एकवेळच्या व्हेपची विक्री बंद केली. विक्रेते घाबरले? छे! त्याच रंगाच्या, त्याच चवींच्या डब्या पुन्हा फळीवर आल्या. आता त्यांना भोक होतं. पर्यावरणरक्षणाचा एवढा स्वस्त उपाय ड्रिल मशीनवाल्यालाही सुचला नसता.

आणि हे सगळं कशासाठी? चीनमधले औषधतज्ज्ञ होन लिक यांनी २००३ च्या सुमारास हे यंत्र घडवलं, ते सिगारेट सुटावी म्हणून. हेतू चांगला होता. पण कट्ट्यावरच्या ज्या पोराने सिगारेटला कधी हातच लावला नाही, तो आंबा-पुदिन्याची वाफ ओढून नेमकं काय सोडतोय?

ढग सोडतोय. दुसरं काय!

डॉक्टर सांगून थकले. आई रडून थकली. सरकारने वटहुकूम काढला, विमानतळाने पाट्या लावल्या. यातल्या कुणालाही जे जमलं नाही, ते एका कच्च्या टाक्याने करून दाखवलं. वाफ बंद पाडली. ना समुपदेशन, ना गोळ्या, ना खर्च. फुकटात घरी चालून आलेलं व्यसनमुक्ती केंद्र!

आणि आपण काय केलं? पन्नास रुपये देऊन ते दुरुस्त करून आणलं.