बेडकांचे भाऊसाहेब

ग्रामसेवक निवृत्त होतो, त्याचं रजिस्टर होत नाही. वेळापूरच्या आमच्या गल्लीतले भाऊसाहेब सेवेतून सुटले ते कपाटभर कोऱ्या नोंदवह्या, शाईचे दोन पॅड आणि 'समक्ष पाहणी केली' असं लिहायची खोड घेऊन. सुरुवातीला त्यांनी घरातच दप्तर तपासणी लावली. डाळीचे डबे मोजले, गॅसच्या टाकीवर खडूने तारीख घातली, वहिनींकडे दुधाचा हिशेब मागितला. वहिनींनी तो चोख दिला आणि म्हणाल्या, "आता परसात जावा. तिथं काय मोजायचं ते मोजा."

परसात भाऊसाहेबांनी तळं खोदलं.

आमच्याकडे कुणी खड्डा खणला की पहिला प्रश्न, अनुदान किती? अनुदान नाही म्हटल्यावर कुणाचा विश्वास बसेना. ज्या माणसानं हयातभर दुसऱ्यांना अनुदानं मिळवून दिली, तो स्वतःच्या खिशातून खड्डा पाडेल कसा? कुणी म्हणे शोषखड्डा आहे, कुणी म्हणे नातवंडांना पोहायला. शेवटी म्हाताऱ्या आबांनी कुंपणावरून सरळच विचारलं, "मासं सोडणार का?"

"मासे अजिबात नाहीत."

"मग तळं कुणाला?"

"येईल त्याला. बेडूक, चतुर, खंड्या, मुंगूस. अर्ज करायची गरज नाही."

आबा बराच वेळ उभे राहिले आणि मग वहिनींची चौकशी करून गेले.

या वेडाला कारण होतं, पण ते भाऊसाहेब चहाच्या दुसऱ्या कपाशिवाय सांगत नाहीत. 2016 साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली. त्या काळात त्यांनी किती तळी पाहिली याला गणती नाही. मोठ्यात मोठं तळं तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, तीन मीटर खोल. आत काळं प्लास्टिक अंथरलं की पाणी मुरत नाही. माळशिरस तालुक्यात नीरा उजव्या कालव्याचं आवर्तन लांबलं की डाळिंबाला तेवढाच आधार, त्यामुळे योजनेला त्यांनी कधी नावं ठेवली नाहीत. पण एका सकाळी पाहणीला गेले, तर तळ्याच्या कोपऱ्यात खोकड तरंगत होतं. रात्री पाणी प्यायला उतरलं असणार. प्लास्टिक गुळगुळीत, त्यावर ओलं शेवाळ आणि बाजू उभी. काठाजवळ त्याच्या नखांचे ओरखडे वरपर्यंत आले होते, वितभर कमी पडले. भाऊसाहेबांनी लांबी, रुंदी, खोली लिहिली, फोटो काढला, सही केली. अहवालात खोकडाला रकाना नव्हता.

"आपल्या देवळासमोरचं कुंड बघा," ते म्हणतात. वेळापुरात अर्धनारीनटेश्वराचं यादवकाळातलं देऊळ आहे, रामचंद्रदेव यादवाच्या काळातले शिलालेख आहेत, आणि समोर दगडी पायऱ्यांचं कुंड आहे. "पायऱ्या भाविकांसाठी बांधल्या, खरं. पण तिथं पडलेलं कुत्र्याचं पिल्लूसुद्धा चढून वर येतं. सातशे वर्षांपूर्वीच्या गवंड्याला जे जमलं ते आपल्या इस्टिमेटमध्ये बसत नाही." मग आवाज खाली आणून, "त्यातली काही इस्टिमेटं मीच केलीत."

तर हे तळं बारा फूट बाय आठ फूट. मधे अडीच फूट खोल, आणि एका बाजूला इतका मंद उतार की पाणी कुठे सुरू होतं ते पाय भिजल्यावर कळावं. उतार त्यांनी गवंड्याच्या लेव्हलच्या नळीने तपासला. खाली चाळलेली माती आणि जुनी पोती, वर शेततळ्याचाच उरलेला कागद, त्यावर पुन्हा माती आणि गोटे, म्हणजे कुणाचा पाय घसरायला नको. आडवा टाकलेला बाभळीचा ओंडका निम्मा पाण्यात, निम्मा बाहेर. पत्र्याच्या पन्हळीचं पाणी थेट तळ्यात. वहिनींच्या कोंबडीचं पिल्लू एकदा आत पडलं आणि गोट्यांवरून चालत बाहेर आलं. भाऊसाहेबांनी लिहिलं, 'चाचणी समाधानकारक'. वहिनींनी लिहिलं नाही, पण बोलल्या बरंच.

कडेला लव्हाळा, पाण्यात कुमुद. पाणकणीस मात्र बादलीत लावून बादली बुडवलेली, कारण ते मोकळं सोडलं की तळं गिळतं. एका हितचिंतकाने पंढरपूरहून येताना निळ्या फुलांची जलपर्णी आणली, तेव्हा भाऊसाहेबांनी ती काठावर उन्हात पसरून वाळवली आणि वर अतिक्रमण हटवल्याचा शेरा मारला. चंद्रभागेचं त्या जलपर्णीने काय केलंय ते आम्ही दर साल बघतोच.

रजिस्टराचे रकाने असे: अनुक्रमांक, लाभार्थी, येण्याची वेळ, हेतू, शेरा. पहिली लाभार्थी एक टाचणी, म्हणजे चतुराची सडपातळ बहीण. हेतू : अंडी घालणे. पहिला दणदणीत पाऊस पडला त्या रात्री मोठे बेडूक आले. एरवी मळकट असणारे नर त्या दिवसांत हळद लागलेल्या नवरदेवासारखे पिवळेधमक होतात, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे फुगवतात आणि ओरडतात. भाऊसाहेब रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन हजेरी घेत होते. गल्लीतले आम्ही सगळे जागेच होतो, त्यामुळे आमचीही हजेरी लागली.

वहिनींचा आक्षेप वेगळा. "माणसांनी नळाची वाट बघायची आणि बेडकांना चोवीस तास पाणी!"

खरी सुनावणी झाली ती आरोग्य खात्याचा माणूस डासांच्या सर्वेक्षणाला आला तेव्हा. त्याच्याकडे गप्पी माशांची बरणी होती. भाऊसाहेबांनी बरणीवर हात ठेवला. गप्पी डासांच्या अळ्या खातो हे त्यांना मान्य. पण तो चतुराची आणि बेडकाची पिल्लंही सोडत नाही, आणि डासांच्या अळ्या खायला चतुराचीच पिल्लं पुरतात, असं त्यांचं म्हणणं. "मग आठवड्याला कोरडा दिवस पाळा," तो म्हणाला. तळ्याचा कोरडा दिवस! शेवटी स्वयंपाकघरातला पांढरा डाव मागवला गेला. चार ठिकाणचं पाणी काढलं. एका डावात दोन वळवळत्या अळ्या सापडल्या, पण त्याच डावात मातकट, सहा पायांचा, डोळे बटबटीत असलेला एक किडा होता. त्याने खालचा जबडा घडी उलगडून झटक्यात पुढे फेकला आणि एक अळी नाहीशी झाली. तोच चतुराचा बाळ. आरोग्यवाल्याने डाव डोळ्यांजवळ नेला, "आयला" म्हणाला आणि बरणीला झाकण लावलं. मग वहिनींच्या मोरीजवळच्या उघड्या पिंपात त्याला पाच मिनिटांत शेकडो अळ्या सापडल्या. घरात त्या दिवशी कोण कुणाशी बोललं नाही ते मी सांगत नाही.

बेडूक आले म्हणून दिवड आली. पाण्यातला बिनविषारी साप; छेडला तर चावतो, बाकी भानगड नाही. पोरं काठ्या घेऊन धावली. भाऊसाहेब कुंपणात आडवे उभे राहिले आणि ज्या आवाजात ग्रामसभा तहकूब करायचे त्या आवाजात म्हणाले, "रहिवासी आहे ती इथली. मी दाखला देतो." आयुष्यात त्यांनी हजारो रहिवासी दाखले दिले असतील. त्यातल्या किती जणांचा मुक्काम त्यांनी स्वतः पाहिला होता, हा प्रश्न मी विचारला नाही.

आषाढात माउलींची पालखी वेळापूर मुक्कामाला असते. टेकडीवरून धावा करून वारकरी गावात उतरतात आणि प्रत्येक अंगणात एक दिंडी विसावते. भाऊसाहेबांच्या परसात उतरलेल्या एका मावशींनी तळं पाहिलं, हात जोडले, हळदकुंकू वाहिलं आणि रुपयाचं नाणं टाकलं. बघता बघता रांग लागली. भाऊसाहेब कासावीस. तीर्थ नाही म्हणावं तर माउलींची माणसं, आहे म्हणावं तर हळदकुंकू पाण्यात. सेवाकाळातला अनुभव कामी आला : त्यांनी दूर तुळशीपाशी तांब्या ठेवून पाटी लावली, 'कुंकू येथे'. पाटी असली की लोक ऐकतात. रात्रभर बेडकांनी कहर केला. पहाटे मावशी म्हणाल्या, "तुमची मंडळी टाळ न्हाई की मृदंग न्हाई, तरी ताल सोडीत न्हाईत." त्या रात्रीच्या पानावर भाऊसाहेबांचा शेरा आहे : 'संयुक्त कार्यक्रम. तक्रार नाही.'

माझ्या मते एवढी खरी नोंदवही त्यांनी नोकरीत एकही लिहिली नसेल, आणि आता ती तपासायला कुणी येत नाही याचं त्यांना मनापासून वाईट वाटतं. तेव्हा अर्धनारीनटेश्वराच्या दर्शनाला वेळापूरला आलात तर आमच्या गल्लीत जरूर डोकवा. मासे आणू नका, जलपर्णी आणू नका. आणि निघताना सही करा. हेतूचा रकाना रिकामा सोडलात तर भाऊसाहेब तुम्हाला बसस्टँडपर्यंत शोधत येतील.