पहिला रकाना

पाटबंधारे खात्यात मी एकतीस वर्षं रकाने भरले. कोणत्या महिन्यात पाऊस किती, धरणात पाणी किती, त्यातलं उन्हानं उडून गेलं किती. निरोप समारंभात साहेब म्हणाले होते, ‘यांच्या तक्त्यात कधी खाडाखोड सापडली नाही.’ हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं ते कुणा अडाण्याच्या हातून घडलेलं नाही.

माझा भाचा कॅनडात यलोनाइफला असतो. नॉर्थवेस्ट टेरिटरीजची ही राजधानी ६२ अक्षांशाच्याही वर, ग्रेट स्लेव्ह या अवाढव्य सरोवराच्या काठी आहे. ‘मामा, जूनमध्ये या,’ असं त्याचं बोलावणं आलं आणि मी शिरस्त्याप्रमाणे तिथल्या हवामानाचा तक्ता छापून आणला. रात्रीचं सरासरी तापमान उणे ३० च्या आसपास! साताऱ्यात, मे महिन्यात, पंख्याखाली बसल्याबसल्या मला हुडहुडी भरली.

मग खरेदी सुरू झाली. हिवाळ्यात तिबेटी विक्रेत्यांकडून घेतलेले चार स्वेटर माळ्यावरून खाली आले. आतून घालायचे गडद निळे गरम कपडे तीन जोड, हातमोजे, मफलर आणि माझी तपकिरी माकडटोपी. हिनं मधेच विचारलं, ‘अहो, मच्छरदाणी घेऊ का? तळ्याकाठी राहायचंय.’

मी मोठ्यानं हसलो. ‘अगं, माणूस गोठतो तिथे. डास काय स्वेटर घालून येणार?’

हे वाक्य मी त्या आठवड्यात शेजाऱ्यांनाही ऐकवलं. दोनदा.

मुंबई विमानतळावर बॅग २३ किलोच्या वर भरली. जादा पैसे भरण्यापेक्षा जादा कपडे अंगावर चढवणं मला शहाणपणाचं वाटलं. बाहेर जूनचा पाऊस, हवेत ती चिकट वाफ आणि मी दोन स्वेटर, एक कोट, गळ्यात मफलर अशा अवतारात रांगेत उभा. तपासणी करणाऱ्या जवानानं यंत्र माझ्याभोवती फिरवता फिरवता हळूच विचारलं, ‘काका, बरं वाटत नाही का?’ ही दोन पावलं मागे सरकून अनोळखी प्रवाशासारखी उभी राहिली.

यलोनाइफच्या विमानतळावर सामान फिरत येतं त्या पट्ट्याच्या मधोमध पेंढा भरलेलं पांढरं अस्वल उभं आहे. ते पाहून मी हिच्याकडे विजयी नजरेनं पाहिलं. बाहेर आलो तर गाड्यांच्या नंबरप्लेटसुद्धा अस्वलाच्या आकाराच्या. पण त्यातल्या एका गाडीला टेकून भाचा उभा होता, तो अर्ध्या चड्डीत आणि हातात आइस्क्रीम घेऊन. तापमान चोवीस अंश.

‘मामा,’ तो म्हणाला, ‘ताप आहे का अंगात?’

घरी पोचल्यावर त्यानं माझा तक्ता मागून घेतला. तक्ता अचूक होता. वर्ष जानेवारीपासून सुरू होतं, म्हणून तक्ताही जानेवारीपासून सुरू होत होता, आणि मी वाचला होता तो पहिला रकाना. बाकीचे अकरा पाहायची गरजच वाटली नव्हती, कारण पहिल्यानंच पुरेसं घाबरवलं होतं. जुलैचा आकडा, दिवसाचा, एकवीस अंश होता. म्हणजे आमच्या महाबळेश्वरची हवा.

रात्री जेवणं झाली आणि मी अंधार पडायची वाट पाहत बसलो. दहा वाजले, ऊन. अकरा वाजले, ऊन. पावणेबाराला सूर्य एकदाचा टेकला, पण उजेड काही गेला नाही, आणि पावणेचारच्या आत तो पुन्हा हजर. ‘उत्तर ध्रुवावरचा तो हिरवा प्रकाश कधी दाखवतोस?’ मी भाच्याला विचारलं. ‘ऑगस्टच्या मध्यापासून, मामा. त्याला अंधार लागतो.’ हाही रकाना चुकला होता. खिडकीचे पडदे पातळ, डोळ्यांवर बांधायची पट्टी आणलेली नाही. अखेर मी माकडटोपी उलटी घातली आणि तिच्या अंधारात झोपलो. चौदा किलो लोकरीतली ही पहिली वस्तू कामाला आली.

दुसऱ्या दिवशी कॅमेरॉन धबधब्याकडे निघालो. भाच्यानं बजावलं होतं, फिकट आणि सैल कपडे घाला. माझ्याकडे होते ते गडद निळे, अंगाला चिकटलेले. वाटेत मी खात्याच्या नजरेनं मुलूख पाहत होतो. इथे वर्षाकाठी पाऊस आणि बर्फ मिळून जेमतेम ३०० मिलिमीटर पाणी पडतं, म्हणजे आमच्या माणदेशापेक्षाही कमी. तरी पाऊल टाकावं तिथे डबकं! कारण खाली हिमनद्यांनी खरवडलेला अखंड खडक, मधेमधे बारा महिने गोठलेली जमीन. पाणी मुरायला वाव नाही आणि वाफ होऊन उडून जाण्याइतकी उष्णता नाही. ‘पाहिलंस? बंधारा न घालता जलसंधारण,’ मी थांबून हिला म्हणालो.

थांबलो ही चूक. त्या साठलेल्या पाण्यात काय वाढतं, हा माझ्या खात्याचा विषय नव्हता. पण आता ते माझ्या कानात गुणगुणत होतं. डासांना गडद रंग आवडतो, घाम आवडतो आणि धापा टाकणाऱ्याचा उच्छ्वास तर फारच आवडतो. मी तिन्ही गोष्टी मुबलक घेऊन आलो होतो. तिथले लोक जाळीचं, डोक्यावरून टोपी ओढून चेन लावायचं एक जाकीट घालून फिरतात. भाचेसुनेनं हिला तसलं एक आधीच दिलं होतं. जाळीच्या आतून ही शांतपणे म्हणाली, ‘अहो, यांनी स्वेटर नाही हो घातलेले.’

माणूस एका चुकीतून शिकतो म्हणतात. मी शिकलो, पण उलट्या बाजूनं. तिसऱ्या दिवशी सरोवरात बोटीनं जायचं ठरलं. ‘एखादं जाकीट घ्या, मामा,’ असं भाचा म्हणाला, तेव्हा मी बनियन आणि अर्ध्या चड्डीत तयार होतो. ‘आता नाही फसणार,’ मी म्हणालो.

ग्रेट स्लेव्ह सरोवर ६१४ मीटर खोल आहे, उत्तर अमेरिकेत सगळ्यांत खोल. एवढं पाणी चार दिवसांच्या उन्हानं तापत नाही, हे धरणांवर आयुष्य काढलेल्या माणसाला कुणी सांगावं लागू नये. पंधरा-वीस दिवसांपूर्वीपर्यंत त्यावर बर्फ तरंगत होता. काठ सुटला, वारा पाण्यावरून आला आणि दहा मिनिटांत माझे दात वाजू लागले. हिनं पर्समधून काहीतरी काढून पुढे केलं. माकडटोपी. अर्धी चड्डी, बनियन आणि माकडटोपी अशा वेशातला माझा फोटो भाच्याच्या घरी भिंतीवर आहे.

परत आल्यावर ती बॅग मी उघडलीच नाही. भाच्यानं आता फेब्रुवारीत बोलावलंय, हिरवा प्रकाश पाहायला. तक्ता पुन्हा छापला. या वेळी हिनं तो माझ्या हातून घेतला, आधी तारीख विचारली, मग रकान्यावर बोट ठेवलं.

मी मात्र निर्धास्त होतो. भाच्याला फोनवर म्हटलं, ‘माझी तयारी एक वर्ष आधीच झालीय. चौदा किलो लोकर, बांधून ठेवलेली.’

तो जरा वेळ गप्प राहिला.

‘मामा, त्या स्वेटरांत तुम्ही इथे घरातून गाडीपर्यंत पोचाल,’ तो म्हणाला. ‘उणे तीसचे कपडे आणि बूट इथे भाड्यानं मिळतात. तुम्ही काही आणू नका. फक्त मामींना आणा.’