हमी नाही, पण लेखी

सांख्यिकीच्या प्रात्यक्षिकाच्या पहिल्या तासाला मी मुलांना माऊस बाजूला ठेवायला सांगते. त्यानंतर वर्गात जी शांतता पसरते, ती एरवी फक्त प्रश्नपत्रिका वाटताना ऐकू येते. मुलांना 'आर' ही सांख्यिकीची भाषा आरस्टुडिओत वापरायची सवय असते. त्यात चार चौकटी, वर बटणं, उजवीकडे आलेख. ते सगळं मिटवून मी टर्मिनल उघडायला लावते. काळा पडदा येतो आणि त्यावर एक रेघ लुकलुकत राहते.

"मॅडम, आता काय?"

"आता आर टाइप कर."

"नुसतं आर?"

"नुसतं आर. पण कॅपिटल."

गोंधळ इथूनच सुरू होतो. लिनक्सवर स्मॉल आर टाकलं, तर अशी आज्ञा आपल्याला सापडत नाही असं यंत्र बहुतेक वेळा सरळ सांगून टाकतं. मॅकवरच्या झेड-शेलमध्ये मात्र स्मॉल आर म्हणजे 'मागची आज्ञा पुन्हा चालव'. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये तर कॅपिटल आणि स्मॉल असा भेदच नाही, दोन्हींचा अर्थ तोच. तिथे पुढे 'डॉट ईएक्सई' लावून पूर्ण नावानं हाक मारावी लागते. एका मुलीनं आधी फोल्डरमधल्या फाइली बघितल्या होत्या. मग आर टाकलं, तर पुन्हा फाइलींची यादी. परत आर, परत यादी. शेवटी तिनं अगदी मनापासून विचारलं, "मॅडम, आरला एवढंच येतं का?"

नाव नीट घेतलं की आर प्रकट होतो आणि स्वागतपर दोन शब्द बोलतो. पहिल्या ओळीत आवृत्तीचा आकडा आणि तिचं टोपणनाव. ही टोपणनावं स्नूपी आणि चार्ली ब्राउनच्या 'पीनट्स' या चित्रमालिकेतून घेतात. 3.4.3 या आवृत्तीचं नाव 'काइट-ईटिंग ट्री', म्हणजे पतंग गिळणारं झाड. कुठल्या तरी गंभीर चेहऱ्याच्या माणसानं औषधाच्या चाचणीचं गणित या झाडाखाली बसून केलं असेल, या कल्पनेनं मला अजून हसू येतं. त्याखाली, हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि, हे मात्र कॅपिटल अक्षरांत, त्याची कसलीही हमी नाही. मग परवाना कसा वाचायचा, मदत कशी मागायची, आणि सगळ्यात शेवटी, निघायचं कसं. पाहुणा अजून चपला काढतोय, तेवढ्यात यजमान सांगतो की घर फुकट आहे, छत पडलं तर आम्ही जबाबदार नाही आणि दार तिकडे आहे. इतका प्रामाणिक यजमान मी दुसरा पाहिलेला नाही.

या घराचे मूळ मालक दोन मास्तर. रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन, न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठातले. प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना शिकवायला बरंसं काही मिळेना, म्हणून 1990 नंतरच्या वर्षांत त्यांनी हे स्वतःच लिहायला घेतलं. बेल लॅब्जमध्ये जॉन चेंबर्स आणि मंडळींनी 1976पासून घडवलेली 'एस' ही भाषा त्यांच्यासमोर होती. दोघांचीही नावं 'आर'नं सुरू होणारी, त्यात 'आर' हे 'एस'च्या अलीकडचं अक्षर. नामकरणाला आत्याबाईंची गरजच पडली नाही. 1995मध्ये त्यांनी ते सगळ्यांसाठी खुलं केलं आणि 1.0.0 ही आवृत्ती आली 29 फेब्रुवारी 2000 रोजी. सांख्यिकीवाल्यांनाच असा चार वर्षांतून एकदा येणारा वाढदिवस सुचू शकतो. एवढ्या कळकळीनं मुलांसाठी केलेल्या गोष्टीचा माझ्या वर्गात जो उद्धार होतो, तो त्या दोघांच्या कानावर न जावो.

उद्धाराचं मुख्य कारण म्हणजे अधिकचं चिन्ह. एरवी ओळीच्या सुरुवातीला आर '>' असं चिन्ह देऊन आज्ञेची वाट बघतो. कंस उघडा राहिला, तर '+' दाखवतो. म्हणजे, बोला, पुढे बोला, मी ऐकतोय. मुलं एंटर दाबतात. आणखी एक '+'. पुन्हा एंटर, पुन्हा '+'. रागावणं नाही, चूक दाखवणं नाही. त्या सहनशीलतेपुढे भली भली मुलं हात टेकतात. मग कुणी तरी 'क्विट' असं टाइप करतं आणि तेही पुढच्या '+'मध्ये जमा होतं. कंट्रोल-सी दाबून सुटका झाल्यावर पुन्हा 'क्विट' टाकलं, तरी आर जात नाही. पुढे रिकामे कंस नसतील, तर तो बाहेर पडण्याच्या क्रियेची अंतर्गत रचना छापून दाखवतो. 'जा' म्हटलं की जाणं म्हणजे काय ते समजावणारा विद्वान मी मानवजातीतही पाहिलेला आहे, पण तिथे कंट्रोल-सी नसतं.

घरी आरची वेगळीच शोभा. मी रात्री मोठी गणितं लावून ठेवते. एकाच नमुन्यातून पुन्हा पुन्हा नमुने काढत बसायचं काम असतं, ते त्यालाच शोभतं. 'आर सीएमडी बॅच' म्हणून फाइलीचं नाव दिलं की पडद्यावर एक अक्षर उमटत नाही. सगळं उत्तर गुपचूप 'आरआउट' फाइलीत जातं, आणि शेवटी किती वेळ लागला तेही तो स्वतःहून लिहून ठेवतो. सासूबाई पाणी प्यायला उठल्या आणि पडद्याकडे बघून थबकल्या.

"बंद पडलाय वाटतं गं."

"नाही आई, काम करतोय तो."

"मग बोलत का नाही?" थोडं थांबून म्हणाल्या, "शेजारच्या मुलाला बोलाव सकाळी. त्याला कळतं यातलं."

2007मध्ये 'आरस्क्रिप्ट' ही दुसरी आज्ञा आली, तिच्यात उत्तर पडद्यावरच दिसतं. आलेख मात्र आपण जागा सांगितली नाही, तर 'आरप्लॉट्स' नावाच्या पीडीएफमध्ये जाऊन बसतो. माझ्या विद्यार्थ्यांच्या प्रत्येक फोल्डरमध्ये अशी एक पीडीएफ आहे आणि ती कुठून आली हे कुणालाही सांगता येत नाही.

एवढा छळ कशासाठी, हे मुलं दरवर्षी विचारतात. कारण एकच, माऊस मागे काही ठेवत नाही. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एकदा एका मुलाला विचारलं, हा आकडा आला कसा? तो म्हणाला, "सर, इथे क्लिक केलं, मग एक खिडकी आली, मग तिथे… नाही, त्याच्या आधी…" शेजारच्या मुलीनं एक ओळ टाइप केली, एंटर दाबलं, आणि तिचा आकडा सगळ्यांसमोर पुन्हा तोच आला. फाइलीत लिहिलेली आज्ञा उद्याही तेच करते, दुसऱ्यालाही वाचता येते, आणि चूक असली तर बोट ठेवून दाखवता येते. मला सांख्यिकीत याच्याइतकं मोलाचं फारसं काही वाटत नाही. सुंदर आलेख तर लग्नपत्रिका छापणारासुद्धा काढून देईल.

त्यातही एक फट आहे, आणि ती निघताना उघडते. बाहेर पडायला लागलं की आर विचारतो, आत्ता मेंदूत आहे ते सगळं जपून ठेवू का? 'वाय', 'एन' की 'सी'? माणूस स्वभावतःच साठवणारा, तो 'वाय' म्हणतो. मग टिंबानं सुरू होणारी, सहसा न दिसणारी एक फाइल तयार होते, आणि पुढच्या वेळी त्याच फोल्डरमध्ये आर उघडला की मागचे सगळे 'एक्स' आणि 'वाय' पुन्हा हजर होतात. गणित तुमच्या लॅपटॉपवर सुरळीत चालतं, आणि विभागातल्या यंत्रावर 'एक्स सापडत नाही' म्हणून आडवं पडतं, कारण तो 'एक्स' फाइलीत कुठे लिहिलेलाच नसतो.

तेव्हा विचारलं की 'एन' दाबा. किंवा सुरू करतानाच 'नो-सेव्ह' सांगून ठेवा, म्हणजे तो विचारणारही नाही.