अनुभवी ब्लेझर

मुलाखतीत काय विचारतील हे कोणालाच ठाऊक नसतं, म्हणून सगळं घर ‘घालणार काय?’ या एकाच प्रश्नावर तुटून पडतं. भाच्याला हिंजवडीच्या एका कंपनीचं बोलावणं आलं, तेव्हा त्याच्या तयारीची चौकशी कोणीही केली नाही. ताईनं आकाशी शर्ट काढला. आकाशी रंगात मुलगा सालस दिसतो म्हणे. (हा निकष लग्नाच्या स्थळासाठीचा, पण असो.) भाऊजींनी कपाटाच्या तळातून स्वतःचा सफारी उपसला. एके काळी बँकेपासून झेडपीपर्यंत सफारी घातला की माणूस साहेब व्हायचा. शिवाय कापड टेरिकॉटचं, त्याला मरण नाही. इतक्या वर्षांत भाऊजींचं माप बदललं, सफारीची इस्त्रीची रेघ होती तिथेच आहे. शेजारच्या काकांनी ‘टायशिवाय जाऊच नको’ असं बजावलं. काकांनी जन्मात टाय बांधलेला नाही, त्यामुळे त्यांचं मत फार ठाम होतं.

या टायचं मूळ सतराव्या शतकात आहे. फ्रान्सच्या बाजूनं लढणाऱ्या क्रोएशियन शिपायांच्या गळ्यात रुमाल असत. ते फ्रेंचांना आवडले, मग इंग्रजांनी उचलले आणि त्यांच्यासोबत इकडे आले. इंग्रज गेले, रुमाल राहिला. आता तो बांधून आपला उमेदवार मे महिन्यात सकाळी डोंबिवलीला फास्ट लोकल पकडतो. चढतानाची कडक इस्त्री कुर्ल्यापर्यंत टिकत नाही. जाणती मुलं म्हणूनच अंगात टी-शर्ट घालून निघतात, शर्ट घडी करून सॅकमध्ये ठेवतात आणि उतरल्यावर बदलतात. टायची गाठ मारता येणारा हॉस्टेलमध्ये एखादाच असतो. त्यानं एकदा मारून दिलेली गाठ मग पदवी मिळेपर्यंत कोणी सोडत नाही; फास सैल करून खुंटीला टांगायचा, की झालं.

मी काही वर्षं इंजिनिअरिंग कॉलेजांत कॅम्पसच्या मुलाखती घ्यायला जात असे. एका कॉलेजात पहिला मुलगा आला तो नेव्ही ब्लू ब्लेझर घालून. खांद्यात जरा सैल, पण रुबाबदार. दुसरा आला, त्याचाही नेव्ही ब्लू. मला वाटलं, कॉलेजचा गणवेश असेल. तिसऱ्याच्या वेळी उजव्या बाहीचं तुटकं बटण ओळखीचं वाटलं. चहाला बाहेर आलो तर दाराआड व्यवहार उघड चालू होता. बाहेर पडणारा कोट उतरवत होता, आत जाणारा त्यात हात घालत होता आणि तिसरा त्याला टायचा फास अडकवत होता. उंच मुलाला तो कोट बंडीसारखा झाला, बुटक्याची बोटंसुद्धा दिसेनात. एकानं नाव-गाव सांगता सांगता खिशात हात घातला आणि आदल्या उमेदवाराची प्रश्नांची चिठ्ठी बाहेर काढली. आम्हाला फ्रेशरच हवे होते, पण त्या खोलीत अनुभवी कोणी असेलच, तर तो ब्लेझर होता. दिवसअखेर ज्या मुलांना घेतलं, त्यांतल्या कोणालाही मी त्याच्या कपड्यांवरून आठवू शकलो नाही.

आम्ही स्वतः काय घालून बसलो होतो? टी-शर्ट. इन्फोसिससारख्या कंपनीनंही २०१५ मध्ये आठवडाभर कॅज्युअल कपडे चालतील असं जाहीर केलं. तेव्हापासून घामेजलेला टायवाला नोकरी मागतो आणि जीन्सवाला ती देतो. ऑनलाइन मुलाखतींनी तर कमरेच्या वर कॉर्पोरेट आणि खाली बर्म्युडा अशी फाळणीच करून टाकली.

कपड्यांचं काहीच मोजलं जात नाही, असं मात्र कोणी समजू नये. २०१६ मध्ये ब्रिटनच्या सोशल मोबिलिटी कमिशननं प्रसिद्ध केलेल्या अहवालात होतं, की लंडनच्या इन्व्हेस्टमेंट बँकांत सुटाखाली तपकिरी बूट घालून आलेल्या हुशार मुलांची पंचाईत होते. बूट वाईट नसतात. हा नियम ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे तो काळे घालतो, आणि तपकिरीवाला बाहेरचा ठरतो. आपल्याकडेही काळ्या बुटांतून डोकावणारे पांढरे मोजे पाहून भुवई वर करणारे साहेब आहेत. त्यांची मला फार चीड येते, पण ऑफर लेटरवर सही तेच करतात.

‘मामा, मग घालू काय?’ भाच्यानं विचारलं. धुतलेला, इस्त्रीचा, अंगाला बसणारा पूर्ण बाह्यांचा शर्ट, गडद पँट, काळे पॉलिश केलेले बूट, काळेच मोजे, आणि पट्टा बुटांच्या रंगाचा. आईचा आकाशी उत्तम. अत्तर नको, एसीच्या बंद खोलीत समोरच्याला शिंका येतात. कोट मागितल्याशिवाय नको. आणि नवा घेऊन घालायचाच असेल, तर पाठीमागच्या चिरेवरची दोऱ्याची फुली कापून टाक आणि बाहीवरचं ब्रँडचं लेबल उसव. ते दुकानात गिऱ्हाइकानं वाचायचं असतं, मुलाखत घेणाऱ्यानं नाही.