निम्मे सिंगापूर

सिंगापूरच्या शिक्षकाला वर्षाला १०० तास प्रशिक्षणाचा हक्क. आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात अपेक्षा ५० तासांची. म्हणजे निम्मे सिंगापूर झालोच की!

जपानात एक गुरुजी धडा घेतात, बाकीचे मागे बसून बघतात आणि नंतर सगळे मिळून त्या धड्याची चिरफाड करतात. रत्नागिरीतल्या द्विशिक्षकी शाळेत हे करायचे, तर बघायला बसणाऱ्या गुरुजींनी आपले दोन वर्ग कोणाच्या गळ्यात घालावेत? म्हणून प्रशिक्षणाला सरकारी 'दीक्षा' ॲप. रेंजसाठी सड्यावर चढायचे, व्हिडिओ लावून मोबाइल जांभ्याच्या गडग्यावर टेकवायचा आणि खाली पोषण आहाराचा तांदूळ मोजायला पळायचे. शेवटच्या चाचणीची उत्तरे व्हॉट्सॲपवर येतातच. प्रशिक्षित झाला तो गडगा. पुढच्या बदल्यांत त्याचाही विचार व्हावा.